धम्मकलाडू, चापटपोळी आणि कायदा

मराठी घरांत मारालाही खाऊची नावे आहेत. ‘धम्मकलाडू हवा का?’, ‘आता चापटपोळी मिळेल हं’ असे म्हणत वडीलधारी माणसे मुलांना दटावत आली. बोलणी खायची तसा मारही आपल्या भाषेत ‘खायचा’च असतो, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर ‘चौदावे रत्न’ आहेच. भाषेने ज्या गोष्टीला इतकी लाडकी नावे दिली, ती समाजाच्या किती अंगवळणी पडली आहे हे वेगळे सांगावयास नको. त्यामुळे ‘आईवडिलांनी मुलावर हात उगारण्यास कायद्याने मनाई असावी काय?’ असा प्रश्न कोणी केला, तर आपल्याकडे बहुधा हसण्यावारी नेला जातो किंवा ‘आता घरातही सरकार येणार का?’ असे विचारले जाते. जगातील साठांहून अधिक देशांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले आहे. त्यांत स्वीडन, जर्मनी आहेत, तसे जपान आणि आपला शेजारी नेपाळही आहे. तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही.

या स्तंभाचे पुष्कळसे वाचक साठी ओलांडलेले किंवा घरातील कोणाची तरी शुश्रूषा करणारे आहेत. मुले वाढविण्याचा आपला काळ सरला, मग हा विषय येथे कशासाठी, असे त्यांपैकी काहींना वाटेल. त्याची कारणे दोन. पहिले असे की, सून आणि मुलगा किंवा लेक आणि जावई दोघेही नोकरीला बाहेर पडणाऱ्या असंख्य घरांत दिवसाचे आठ-दहा तास नातवंड आजीआजोबांच्याच हाती असते. दुसरे असे की, कायद्याच्या ज्या कलमाच्या आडोशाला घरातील चापट आज उभी आहे, त्याच कलमात विस्मृतीने ग्रासलेले वृद्ध माणूसही येते. त्या दुसऱ्या कारणाकडे शेवटी वळू.

कायदा आज काय म्हणतो?

शाळेतील छडी आपल्या कायद्याने केव्हाच मोडली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली तेथील शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्दबातल ठरविली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास साऱ्या देशभर मनाई केली. बालगृहांतील शारीरिक शिक्षेसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात स्वतंत्र दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील अशा रीतीने मारहाण केली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे निर्दय मारहाण घराच्या चार भिंतींत झाली तरी तो गुन्हाच आहे.

संदिग्धता आहे ती धपाट्याबद्दल, पिरगाळलेल्या कानाबद्दल, पाठीत घातलेल्या रट्ट्याबद्दल. शिक्षकाला जे करता येत नाही ते आईवडिलांना करता येते काय, याचे सरळ उत्तर आपला कायदा देत नाही. उलट भारतीय न्याय संहितेचे कलम २७, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८९, असे सांगते की, बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी त्याच्या पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीतून काही इजा झाली तरी तो गुन्हा ठरत नाही. जाणूनबुजून घडविलेला मृत्यू किंवा गंभीर दुखापत यांना अर्थातच ही सवलत नाही. मौज अशी की, या कलमाला जोडलेले उदाहरण शिक्षेचे नाहीच. ते आहे मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचे. मुलाची संमती नसताना त्याच्या भल्यासाठी बापाने शल्यवैद्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली, तर बापाला गुन्हेगार धरू नये, एवढाच त्या उदाहरणाचा अर्थ. परंतु ‘भल्यासाठी’ हा शब्द ऐसपैस आहे. मारणाराही भल्यासाठीच मारल्याचे सांगतो, आणि न्यायालयांत शिक्षकांनीही या कलमाचा आधार घेतलेला आहे.

जुनी दंड संहिता १८६० साली मंजूर झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. ईस्टबोर्न येथील टॉमस हॉप्ली या शिक्षकाने पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला, त्याच्या वडिलांची लेखी परवानगी घेऊन, इतके मारले की तो मुलगा दगावला. हॉप्लीला शिक्षा झाली. मात्र निकाल देताना न्यायाधीशांनी असेही म्हटले की, मुलाला सुधारण्यासाठी आईवडिलांनी किंवा शिक्षकाने माफक आणि वाजवी मार देणे कायद्याला मान्य आहे. एका मुलाच्या मृत्यूच्या निकालातील हा ‘वाजवी मार’ पुढे शंभर-दीडशे वर्षे इंग्रजी कायद्यात ढालीसारखा वापरला गेला, आणि इंग्लंडमध्ये तो काही मर्यादांसह अजूनही शिल्लक आहे. स्कॉटलंडने ही ढाल २०२० मध्ये काढून टाकली, वेल्सने २०२२ मध्ये.

दुधाच्या पुड्यावर छापलेला कायदा

घरातील मारालाही मनाई करणारा पहिला देश स्वीडन. वर्ष १९७९. हा निर्णय एका रात्रीत झालेला नव्हता. शाळेतील मार त्यांनी आधीच बंद केला होता. मुलाला मारण्याची आईबापांना मुभा देणारी जुनी वाक्ये १९५७ आणि १९६६ या दोन टप्प्यांत कायद्यातून वगळली होती. १९७८ च्या शरद ऋतूत लहान मुलांच्या लाडक्या लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांना फ्रँकफर्ट येथे जर्मन ग्रंथविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एका वृद्धेने सांगितलेली हकिगत कथन केली. तरुणपणी या बाईने खोडी केलेल्या आपल्या मुलाला, ज्याने मारायचे ती काठी स्वतःच शोधून आणायला बाहेर पाठविले. बऱ्याच वेळाने मूल रडत परत आले. काठी काही सापडली नाही, पण हा दगड आणला आहे, तो तू मला फेकून मारू शकशील, असे ते म्हणाले. आईला दुखवायचेच आहे, मग दगड काय आणि काठी काय, असा त्या बालबुद्धीचा हिशेब. आई मुलाला जवळ घेऊन रडली, आणि तो दगड तिने आठवण म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला.

पुढच्याच वर्षी स्वीडनच्या संसदेने जवळजवळ एकमताने कायदा केला. विशेष म्हणजे हे वाक्य फौजदारी कायद्यात घातले गेले नाही. ते पालकत्वाच्या दिवाणी कायद्यात घातले गेले, आणि त्याच्या भंगासाठी वेगळी शिक्षा ठेवली गेली नाही. कठोर मारहाणीसाठी नेहमीचा फौजदारी कायदा होताच. सरकारने खर्च केला तो माहिती पोहोचविण्यावर. लहान मुले असलेल्या घरांत पुस्तिका वाटल्या, आणि दोन महिने दुधाच्या पुड्यांवर हा मजकूर छापला, जेणेकरून न्याहारीच्या वेळी मुले आणि आईबाप दोघेही तो वाचतील. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबांना कायदा ठाऊक झाला होता. मुलांना मारणे तेथे कायद्याच्या आधीपासूनच कमी होत चालले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कायद्याने उतारावरच्या गाडीला आणखी गती दिली.

न्यूझीलंडची कथा निराळी. तेथे २००७ साली कायदा झाला तेव्हा लोकमत त्याच्यासोबत नव्हते. दोन वर्षांनी घेतलेल्या सार्वमतात ८७ टक्के मतदारांनी ‘चांगल्या वळणासाठी मारलेली चापट गुन्हा नसावी’ असाच कौल दिला. सार्वमत बंधनकारक नव्हते, आणि सरकारने कायदा मागे घेतला नाही. मात्र त्या कायद्यातच दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. मुलाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होऊ नये म्हणून बळ वापरणे, उदाहरणार्थ रस्त्यावर धावत सुटलेल्या मुलाला ओढून घेणे, गुन्हा नाही. आणि प्रकरण अगदी क्षुल्लक असून खटला भरण्यात सार्वजनिक हित नसेल, तर तो न भरण्याचा अधिकार पोलिसांना आहे.

मुलांकडे परदेशी जाऊन राहणाऱ्या आजीआजोबांसाठी यात एक सरळ सूचना आहे. वेल्समधील कायदा तेथे पाहुणे म्हणून आलेल्यांनाही लागू आहे. जर्मनीत २००० सालापासून मुलाला हिंसेविना वाढविले जाण्याचा हक्क आहे. तेव्हा ‘आमच्याकडे असेच चालते’ हे उत्तर तेथील शाळेला, डॉक्टरांना किंवा शेजाऱ्यांना पटणारे नाही, आणि त्याचा त्रास आपल्या मुलाला व सुनेला भोगावा लागू शकतो.

शरीराचा हिशेब

आरोग्याच्या बाजूने पाहता पहिली गोष्ट अशी की, ‘हलकीशी’ चापट नेहमी हलकीच लागते असे नाही. कानशिलात बसलेल्या थपडेने कानाचा पडदा फाटू शकतो. चार वर्षांखालील मुलाला मनगटाला धरून हिसका दिला, तर कोपराजवळचे हाड जागेवरून सरकते, आणि मूल तो हात हलवेनासे होते. डॉक्टरांच्या ओळखीची ही दुखापत रागाच्या भरात ओढण्यानेही होऊ शकते. सर्वांत धोक्याचे म्हणजे रडे थांबत नाही म्हणून तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलविणे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. अशा हलविण्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ कायमचे अधू होऊ शकते, दगावूही शकते. डोक्याला मार बसल्यावर मूल उलट्या करू लागले, गुंगीत गेले किंवा ओळखेनासे झाले, तर कारण लपवीत न बसता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांना खरे सांगण्यावर उपचार अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट मनाची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ७५ अभ्यासांतील सुमारे एक लाख साठ हजार मुलांची माहिती एकत्र केली होती. त्यात क्रूर मारहाण मुद्दाम बाजूला ठेवून फक्त उघड्या हाताने मारलेल्या चापटीचा विचार केला होता. तपासलेल्या १७ परिणामांपैकी १३ बाबतींत चापटीचा संबंध वाईटाशी आढळला. आक्रमकपणा अधिक, उदासी अधिक, आईवडिलांशी नाते कमकुवत, अशा त्या बाबी होत्या. यावर एक वाजवी शंका घेतली जाते. मूल मुळात हट्टी असेल तर ते अधिक मार खाईल, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? म्हणूनच मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेले अभ्यास अधिक महत्त्वाचे. अशा ६९ अभ्यासांचा आढावा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आला. मारामुळे वागणूक काळाच्या ओघात सुधारल्याचे त्यात आढळले नाही. वागणुकीच्या तक्रारी मात्र वाढलेल्या दिसल्या. एक-दोन चापटींनी मुलाचे आयुष्य बिघडते, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, ज्या औषधाचा गुण दिसत नाही आणि अपाय दिसतो, ते ‘थोडेसे’ द्यावे असा सल्ला कोणताही वैद्य देणार नाही.

आपल्या देशाचे चित्रही डोळ्यांआड करण्याजोगे नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाणीचा अनुभव होता. कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मुलांना मारणारे खुद्द आईवडील होते.

‘आम्ही नाही का मार खाल्ला?’

हा प्रश्न ज्येष्ठांच्या तोंडून हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. मार खाऊन वाढलेली एक अख्खी पिढी कष्टाळू आणि मायाळू निघाली. तिने आईबापांना अंतर दिले नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्येही पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे पिटाळते, आणि तरीही ती महाराष्ट्राला मातृत्वाचा आदर्श वाटत आली आहे. पण त्या पिढीला कशाने घडविले, हे नीट पाहावे. घरात माणसे पुष्कळ होती. एकाने मारले तर दुसरे पोटाशी धरीत असे. आई मारी, पण रात्री तीच जवळ घेऊन निजवी. मुले दिवसभर अंगणात, गल्लीत, नदीवर असत. मार होता, त्याबरोबर मार पचविण्याची सोयही होती. आजच्या दोन खोल्यांच्या घरात एकच मूल, एकटी थकलेली आई किंवा एकटी थकलेली आजी, आणि दार बंद, असे पुष्कळदा असते. जुना धपाटा तेथे अधिक जोरात लागतो. शिवाय ‘आमचे काही बिघडले नाही’ हे जे सांगू शकतात ते निभावून गेलेले असतात. जे घर सोडून गेले, जे आयुष्यभर बापाशी बोलले नाहीत, ते ही साक्ष द्यायला येत नाहीत.

परंपरेचा दाखलाही एकतर्फी नाही. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागले की मित्राप्रमाणे वागणूक, हे चाणक्याच्या नावावर सांगितले जाणारे सुभाषित सर्वांना पाठ आहे. परंतु चरकसंहितेच्या शारीरस्थानातील बालसंगोपनाचा उपदेश फारसा कोणाला ठाऊक नसतो. मूल रडत असेल, जेवत नसेल, सांगितलेले ऐकत नसेल, तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, मुलाला घाबरविणे चांगले नव्हे, असे चरक स्पष्ट सांगतात. ज्यांना बागुलबुवाचीही भीती घालणे मंजूर नव्हते, त्यांच्या नावाने छडीचे समर्थन करता येणार नाही. आणि अगदी अलीकडे, विसाव्या शतकात, गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या, त्या छडीविनाच. न मारता मुले शिकतात, हे स्वीडनने आपल्याला शिकवायला नको होते. ते आपल्याच घरी सिद्ध झाले होते.

पोलीस दारात येतील काय?

मारणे वाईट हे मान्य, पण म्हणून कायदा? येथे आक्षेप गंभीर आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. नवराबायकोच्या भांडणात किंवा मुलाच्या ताब्याच्या दाव्यात अशा कायद्याचा शस्त्रासारखा वापर होऊ शकतो. पातळ भिंतींच्या चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्या गरिबावर तो आधी चालेल, आणि बंगल्यात राहणारा सुटेल. आईला पोलीस ठाण्यात बसवून मुलाचे भले होत नाही. हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे, तरी हुंडा गेला नाही. मग हा कायदा कागदावरच राहील, असेही म्हटले जाते.

या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष मला मात्र ‘कायदा नको’ असा वाटत नाही. ‘कायदा कसा हवा’ हे ते सांगतात. तो स्वीडनच्या वळणाचा हवा. पालकत्वाचे आपले दिवाणी कायदे, १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, पालकाच्या अधिकारांची आणि कर्तव्यांची व्यवस्था लावतात. मुलाला मारहाणीविना वाढविले जाण्याचा हक्क आहे, हे एक वाक्य तेथे आणि सर्वधर्मीयांसाठी असावे. न्याय संहितेच्या कलम २७ ला एवढे स्पष्टीकरण जोडावे की, शिक्षा म्हणून मारणे हे ‘भल्यासाठी केलेली कृती’ या सदरात येत नाही. एखाद्या चापटीसाठी नवा तुरुंगवास नको. क्रूरतेसाठी बाल न्याय कायदा आहे, तो पुरे. क्षुल्लक प्रकरणी पोलिसांनी खटल्याऐवजी समुपदेशनाकडे पाठवावे, जसे वेल्समध्ये करतात. आणि दुधाच्या पुड्याचे काम आपल्याकडे अंगणवाडीताई, लसीकरणाचे कार्ड आणि प्रसूतिगृहातील परिचारिका करू शकतील.

असे शिक्षेविना वाक्य लिहून काय साधणार? ते शेजाऱ्याला, शिक्षकाला, डॉक्टरला आणि घरातील आजीला बोलण्याचा अधिकार देते. आज कोणी मध्ये पडले तर ‘माझे मूल आहे, मी काहीही करीन’ हे उत्तर मिळते, आणि कायदा त्या उत्तराला ठामपणे खोडून काढीत नाही. भारताने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. मुलाला पालकांच्या हातूनही हिंसा होऊ नये यासाठी कायदे करण्याचे वचन त्यात आहे. वर्गात ते आपण पाळले. घराच्या उंबऱ्याशी ते थांबले आहे.

त्याच कलमातील दुसरे माणूस

कलम २७ चे संरक्षण दोन प्रकारच्या माणसांच्या बाबतीत दिलेले आहे. एक, बारा वर्षांखालील मूल. दुसरे, ज्याचे मन ठिकाणावर राहिलेले नाही असे, कोणाच्या तरी ताब्यात असलेले माणूस. विस्मृतीच्या आजाराने ग्रासलेले आजोबा दहाव्यांदा दार उघडून बाहेर निघाले, किंवा आजींनी औषध थुंकून टाकले, आणि सांभाळणाऱ्याचा हात उठला, तर ‘त्यांच्याच भल्यासाठी’ हे उत्तर तेथेही तयार असते. मोठ्या माणसाच्या गालावर मारलेली थप्पड ऐकून आपल्याला शहारा येतो, मुलाच्या गालावरची ऐकून येत नाही. दोघांची अवस्था मात्र सारखीच आहे. दोघेही सांगितलेले लक्षात ठेवू शकत नाहीत, दोघेही प्रतिकार करू शकत नाहीत, आणि दोघेही ज्याने मारले त्याच्याच हातून जेवणार असतात. दुबळ्याला वळण लावण्यासाठी मारता येते हे घरात एकदा मान्य झाले, की वयाने तो नियम बदलत नाही. आज मुलाच्या अंगाचा जो मान घरात राखला जाईल, त्यावर उद्या आपल्या अंगाचाही मान अवलंबून आहे.

हात उठण्यापूर्वी

मारणे हे बहुतेक वेळा वळण लावण्याच्या विचारातून होत नाही, थकव्यातून होते. गुडघे दुखत असताना, दुपारची झोप झालेली नसताना, अडीच वर्षांच्या मुलामागे दिवसभर धावणे हे कष्टाचे काम आहे. आजीआजोबांनी ते हसतमुखाने निभावावे ही अपेक्षा चुकीची आहे. आठवड्यातून एक-दोन अर्धे दिवस सुटी, दुपारी दोन तास पाळणाघर किंवा मदतीला बाई, हे मुला-सुनेकडे स्पष्टपणे मागावे. ही मागणी नातवाच्या सुरक्षिततेचीच आहे.

राग चढला असता मूल सुरक्षित जागी आहे ना एवढे पाहावे आणि दोन पावले मागे सरावे. तान्हे बाळ असेल तर ते पाळण्यात ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी प्यावे. पाच मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही. मूल शेगडीकडे, सुरीकडे किंवा रस्त्याकडे धावले तर घट्ट धरावे, उचलावे. धरणे वेगळे आणि मारणे वेगळे. भूक, झोप आणि कंटाळा या तीन गोष्टी आधी तपासाव्या. निम्मे हट्ट तेथेच संपतात. नियम थोडे ठेवावे, आणि ते आजी, आजोबा, आई, बाबा सर्वांचे एकच असावे. भिंत रंगविली तर मुलाने फडके घेऊन आपल्याबरोबर ती पुसावी. कृतीचा परिणाम त्याच्या हाताला कळू द्यावा.

आई किंवा बाबा मारीत असतील, तर मुलासमोर त्यांचा पाणउतारा करू नये. ‘चल, आपण जरा गच्चीत जाऊ’ म्हणून मुलाला बाजूला न्यावे, आणि संध्याकाळी सुनेला किंवा लेकीला आधी तिची झोप झाली का हे विचारावे. उपदेश त्यानंतर. मार थांबतच नसेल, मुलाच्या अंगावर वळ दिसत असतील, तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. ज्येष्ठांवर अशी वेळ आली तर १४५६७.

स्वीडनने तो मजकूर दुधाच्या पुड्यावर छापला, कारण न्याहारीच्या वेळी तो पुडा मुलाशेजारी असे. आपल्या घरांत न्याहारीच्या वेळी मुलाशेजारी बहुधा आजी किंवा आजोबा बसलेले असतात.